संगीताचा तौलनिक अभ्यास कसा करावा: गोव्यातील नव्या अभ्यासकांसाठी

संगीत शिकणे आणि संगीताचा अभ्यास करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात गळा किंवा हात तयार होतो. दुसऱ्यात एखादा समाज कोणत्या ध्वनीला संगीत मानतो, ते कोण कोणाला शिकवतो, कोणत्या प्रसंगी ते होते आणि काळाच्या ओघात त्यात काय बदलते, याचा पुराव्यानिशी शोध घ्यावा लागतो. चांगले गाणारा माणूस चांगला अभ्यासक असेलच असे नाही, आणि अभ्यासकाला गाता आलेच पाहिजे असेही नाही. मात्र ज्या संगीतावर आपण लिहिणार ते थोडे तरी स्वतः गाऊन किंवा वाजवून पाहिलेले असावे, हा अमेरिकन संगीत-अभ्यासक मँटल हूड यांनी १९६० साली मांडलेला आग्रह आजही योग्यच वाटतो. घुमटावर, म्हणजे गोव्यातल्या मातीच्या तालवाद्यावर, चार दिवस हात मारून पाहिलेल्या विद्यार्थ्याचे टिपण आणि नुसते ऐकून लिहिलेले टिपण यांतला फरक वाचताक्षणी कळतो.

गोव्यात राहणाऱ्याला या अभ्यासासाठी लांब जावे लागत नाही. फोंडा तालुक्यातल्या देवळात चौघडा वाजतो, सासष्टीतल्या इगर्जीत (चर्चमध्ये) ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मोटेट हे अनेक आवाजांचे धर्मगीत गायले जाते, भाद्रपदात घरोघरी घुमट आरती होते, पौषात गावोगावच्या मांडावर (ठरलेल्या पवित्र अंगणात) धालो हे बायकांचे गाणे-नाच रंगतात आणि पेडण्याकडे दशावताराची रात्र जागते. ही सोय जितकी फायद्याची तितकीच धोक्याची आहे, कारण शेजारी नांदणाऱ्या गोष्टींचे नाते आपण फार लवकर जुळवून टाकतो. एकाच गावात दोन्ही ऐकू येते म्हणून एकातून दुसरे निघाले असे सिद्ध होत नाही.

या शास्त्राची पार्श्वभूमी थोडक्यात माहीत असावी. १८८५ साली ग्विडो आडलर यांनी संगीताच्या अभ्यासाची ऐतिहासिक आणि पद्धतशीर अशी विभागणी मांडली आणि तौलनिक अभ्यासाला तिच्यात जागा दिली. त्याच वर्षी अलेक्झांडर एलिस यांनी निरनिराळ्या देशांतील स्वरसप्तके मोजून दाखवली आणि निसर्गाने ठरवून दिलेले असे एकच सप्तक नाही, हे आकड्यांनी पटवून दिले. याप कुन्स्ट यांनी १९५० साली या विषयाला एथ्नोम्युझिकॉलॉजी हे नाव दिले. पुढे १९६४ साली ॲलन मेरिअम यांनी संगीताकडे तीन अंगांनी पाहावे असे सुचवले: लोकांच्या मनातल्या कल्पना, त्यांचे वर्तन आणि प्रत्यक्ष ध्वनी. आपल्याकडे डॉ. अशोक रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडून मराठी वाचकाला फार मोठा आधार दिला. गोव्याच्या संदर्भात त्यांतली संगम, म्हणजे निरनिराळ्या परंपरा एकत्र येऊन घडलेल्या संगीताची, ही कोटी विशेष उपयोगी पडते, पण तिचा वापर जपून करावा. जे चटकन उलगडत नाही ते सगळे संगमात टाकून मोकळे होण्याचा मोह फार होतो.

प्रश्न लहान करावा

‘गोव्याचे लोकसंगीत’ हा अभ्यासाचा प्रश्न होऊ शकत नाही. तो फार तर ग्रंथालयातील कपाटाचा मथळा होईल. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर ऐकून, पाहून आणि विचारून मिळू शकेल. ‘आमच्या वाड्यावरच्या घुमट आरतीत लय कोण वाढवतो, घुमटवाला की शामेळ (घुमटाच्या जोडीचे तालवाद्य) वाजवणारा?’ हा उत्तम प्रश्न आहे. ‘एकाच गावातल्या दोन मांडांवर धालोची एकच ओवी वेगवेगळ्या चालीत का म्हणतात?’ हाही तितकाच चांगला. अशा प्रश्नांना पुढे आपोआप फाटे फुटतात आणि मोठा विषय त्यांतूनच उभा राहतो. प्रश्न लिहून काढल्यावर स्वतःलाच एक विचारावे, की याचे उत्तर मला आताच माहीत आहे असे वाटते का? तसे वाटत असल्यास प्रश्न बदलावा, कारण मग आपण पुरावा शोधत नाही, दाखले गोळा करतो.

प्रश्न ठरला की पंचांग आणि चर्चचे कॅलेंडर दोन्ही समोर ठेवून वर्षाची आखणी करावी. धालो पौषात, शिगमो फाल्गुनात, मोटेट ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत, वास्कोचा भजनी सप्ताह श्रावणात, घुमट आरती चतुर्थीला. यांतला एखादा प्रसंग हुकला तर वर्षभर थांबावे लागते. हौसेच्या कार्यक्रमात किंवा स्पर्धेच्या मंचावर तेच संगीत बारा महिने ऐकायला मिळते हे खरे, पण मंचावरची घुमट आरती दिलेल्या वेळेत संपते, तिला परीक्षक असतात आणि समोर गणपती असलाच तर सजावटीपुरता. दोन्हींचा अभ्यास करावा, पण एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या खात्यात टाकू नयेत.

ध्वनिमुद्रण

महागडे यंत्र लागत नाही. साधा हातात मावणारा रेकॉर्डर पुरतो. तो नसेल तर मोबाइलही चालेल, फक्त आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी त्याची सोय बंद करावी. ती चालू राहिल्यास घुमटाच्या पहिल्या जोरकस थापेनंतर यंत्र सगळेच दाबून टाकते आणि वाजवणाऱ्याने हात हलका केला की यंत्राने आवाज खाली आणला, हे नंतर कळत नाही. ध्वनी चोवीस बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर वेव्ह स्वरूपात घ्यावा. एका तासाला सुमारे एक गीगाबाइट जागा लागते, तेवढी कार्डात आहे याची आधी खात्री करावी. पातळीचा काटा शिखराला उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे, आणि चतुर्थीत तर त्याहूनही खाली ठेवावे, कारण आरतीच्या ऐन भरात अंगणात फटाक्यांची माळ कधी लागेल याचा नेम नसतो.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आपल्याच आवाजात तारीख, गाव, वाडा, प्रसंग आणि वाद्ये बोलून ठेवावीत. वहीतली नोंद हरवते, फाइलचे नाव बदलते. फाइलच्या पोटात बोललेले मात्र टिकते. घरी परतल्यावर त्याच रात्री तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी. गोव्याच्या पावसाळ्यात दमट कपाटात ठेवलेल्या जुन्या कॅसेटींना आणि छायाचित्रांना बुरशी लागते, तेव्हा कोणी जुनी सामग्री सोपवली तर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवून आधी तिची डिजिटल प्रत करून घ्यावी. ती वाजवून बघण्याची घाई करू नये.

स्वरलिपी: लिहिता न येणारे शोधण्याचे साधन

या अभ्यासाचा गाभा माझ्या मते इथे आहे. ऐकलेले संगीत कागदावर उतरवताना आपण कोणती तरी लिपी निवडतो आणि प्रत्येक लिपी काही गोष्टी दाखवते, काही लपवते. भातखंडे पद्धतीत आघात, मात्रा आणि स्वर स्वच्छ दिसतात, पण एकाच वेळी दोन वेगळे स्वर गाणारे आवाज तिच्यात अवघडून बसतात. पाच ओळींच्या पाश्चात्त्य लिपीत अनेक आवाज सहज मावतात, पण मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणे) आणि आंदोलन (स्वराचे हळुवार हेलकावे) तिच्यात मुक्याने उभे राहतात. अमेरिकन संगीत-अभ्यासक चार्ल्स सीगर यांनी १९५८ साली एक उपयुक्त भेद दाखवला होता: काही लेखन वाजवणाऱ्याला काय करायचे ते सांगते, तर काही लेखन प्रत्यक्षात काय झाले ते सांगते. इगर्जीतल्या मेस्ताच्या (संगीत शिकवणाऱ्या मास्तराच्या) वहीतले मोटेट पहिल्या प्रकारचे आहे. अभ्यासकाचे टिपण दुसऱ्या प्रकारचे असायला हवे. दोन्ही एकाच पद्धतीने वाचली की गोंधळ ठरलेलाच.

म्हणून प्रत्येक नमुना दोन लिप्यांत लिहावा, अशी शिस्त मी विद्यार्थ्यांना लावतो. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाचे कोकणी गीत, मांडो, घेऊ. तो सर्वसाधारणपणे सहा-चार मात्रांत असतो, त्याला कडवे आणि धृपद असते, आवाज बहुधा तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने जोडीने चालतात आणि साथीला व्हायोलिन व घुमट असतो. पाश्चात्त्य लिपीत हे सगळे झटकन उतरते आणि आपल्याला काम झाल्यासारखे वाटते. आता तेच भातखंडे लिपीत लिहायला घ्यावे. लगेच प्रश्न पडू लागतात: षड्ज कोणता मानायचा? खालचा आवाज हा वेगळा चालणारा स्वर की वरच्याची सावली? ओळीच्या शेवटी गाणारे एका अक्षरावर रेंगाळतात, तेव्हा मात्रा वाढल्या असे लिहायचे की लय सैल झाली असे? या प्रश्नांची उत्तरे लिपी देत नाही, गाणारे देतात. त्यांना विचारायला जाण्याचे कारण लिपीने पुरवले, एवढाच तिचा उपयोग. दोन्ही लिप्या ज्या जागी अडतात त्या जागांवर लाल पेन्सिलीने खूण करावी. पुढचा सगळा अभ्यास त्या खुणांचा आहे.

आता घुमट जवळून पाहू. हे मातीचे, दोन्ही बाजूंनी तोंड असलेले भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते, लहान तोंड उघडे असते. उजवा हात कातड्यावर थाप देतो आणि डाव्या हाताचा पंजा उघड्या तोंडाशी राहून आतली हवा अडवतो किंवा सोडतो. त्यामुळे एकाच थापेचे दोन ठळक नाद निघतात: हवा मोकळी असताना खोल आणि लांबणारा, पंजा लावल्यावर आखूड आणि दबलेला. बोल लिहिताना बहुतेक जण फक्त उजव्या हाताची थाप लिहितात. डाव्या हातासाठी स्वतंत्र ओळ आखून, मोकळ्याला एक खूण आणि दाबलेल्याला दुसरी खूण देऊन पाहावे. कित्येकदा उजव्या हाताचा साचा तोच राहतो आणि बदल सगळा डाव्या पंजात घडत असतो.

मोजमापासाठी सॉनिक व्हिज्युअलायझर आणि प्राट ही सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. दहा सेकंदांचा तुकडा उघडावा, प्रत्येक थापेच्या आरंभावर रेघ मारावी आणि दोन रेघांतले अंतर लिहावे. समजा चार सेकंदांत आठ थापा आल्या. गणिताने प्रत्येक अंतर ०.५० सेकंद यायला हवे, प्रत्यक्षात ०.५६, ०.४५, ०.५५, ०.४४ असे आकडे आले. अशा वेळी वाजवणारा कच्चा आहे असे ठरवून आकडे ‘दुरुस्त’ करण्याची चूक फार वेळा होते. लांब आणि आखूड अंतरे अशीच आळीपाळीने पुन्हा पुन्हा येत असतील तर ती चूक नव्हे, तो त्या लयीचा डौल आहे आणि तोच टिपायला आपण बसलो आहोत. उलट अंतरे कशीही विखुरलेली असतील तर दुसरा तुकडा घेऊन पुन्हा पाहावे. लयीच्या बाबतीत गोमंतकीयांनी आकडेमोडीला घाबरू नये. हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरणारे खाप्रूमामा पर्वतकर आपल्याच मातीतले.

स्वरांसाठी सेंट हे एलिस यांनी दिलेले माप वापरावे. सप्तकाचे १२०० भाग केले की पियानोवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचे अंतर असते. पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंट म्हणजे फार नव्हे, पण ख्यालाच्या तालमीत वाढलेल्या कानाला तेवढेही खुपते, तर कोयरमध्ये वाढलेल्या कानाला त्यात काही वावगे वाटत नाही. दोघांपैकी कोणीच बेसूर नाही. जावाच्या गमेलानमधील स्लेंद्रो सप्तकाचे पाच स्वर साधारण सारख्या अंतरावर, म्हणजे प्रत्येकी २४० सेंटच्या आसपास पडतात. तिथे तर सा रे ग म लावून पाहणेच व्यर्थ ठरते. मोजपट्टी कोणाची, हे टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहावे.

माणसांना विचारताना

वयस्क माणसाला ‘ही ओवी किती जुनी आहे?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते: फार जुनी, आमच्या आजीच्याही आधीची. त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी असे विचारावे: ‘मावशी, ही ओवी तुम्ही पहिल्यांदा कोणाकडून ऐकलीत? तेव्हा तुम्ही माहेरी होता की सासरी?’ आता माणसे, गावे आणि लग्नांचे वर्ष समोर येते, आणि चाल माहेराहून सासरी आली की सासरचीच शिकावी लागली, हे कळते. धालोसारख्या बायकांच्या खेळात चालींचा प्रवास बहुधा लग्नांच्या वाटेने होतो की नाही, हे अशाच प्रश्नांतून तपासता येईल. धालो हा बायकांचा मांड आहे, तेव्हा पुरुष अभ्यासकाने आधी विचारून, त्या सांगतील तिथे आणि तेवढाच वेळ बसावे. नाही म्हणाल्या तर घरातल्या एखाद्या मुलीला किंवा सुनेला ध्वनिमुद्रण शिकवून मोकळे व्हावे. खरे तर ते जास्त चांगले होते.

बोलणे कोकणीत झाले असेल तर उत्तर कोकणीतच उतरवावे, त्याचे मराठी टिपण वेगळे करावे. मूळ शब्द गेले की वाजवणाऱ्याची स्वतःची परिभाषा जाते, आणि आपण नकळत भातखंड्यांची किंवा बँड मास्तरांची परिभाषा त्याच्या तोंडी घालतो. वाद्य हातात असताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कोरड्या मुलाखतीपेक्षा नेहमी नेमकी येतात. ‘असे वाजवले तर चालेल का?’ असे विचारून मुद्दाम थोडे वेगळे वाजवून दाखवावे. समोरचा ‘छे, असे नव्हे’ म्हणून घुमट हातातून काढून घेतो, तेव्हा नियम कुठे आहे ते समजते.

जुने कागद आणि जुन्या तबकड्या

गोव्याच्या संगीताचा इतिहास वाचताना नकाशा उघडा ठेवावा. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेले. मधल्या काळात देवळे उठली आणि नदीपलीकडे गेली: कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. देवांबरोबर त्यांची सेवा करणारे वाजंत्री आणि गाणाऱ्या कलावंतिणी यांचेही केंद्र फोंड्याकडे सरकले. इकडे जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या तिसवाडी, बारदेश, सासष्टीत, इगर्जींना जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाऊ लागले. पुढे सासष्टीतल्या ख्रिस्ती भाटकारांच्या (जमीनदारांच्या) दिवाणखान्यांत मांडो फुलला तो या शाळांच्या जोरावर, आणि विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदासाठी लिहून देऊ शकणारे गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने दिसले तेही त्यामुळेच. मंगेशी, केरी, कुर्डी या गावांची नावे ख्यालगायनाच्या इतिहासात आणि कुडतरी, लोटली, राय ही गावे मांडोच्या इतिहासात का भेटतात, हे या नकाशावाचून उमगत नाही.

कागदांत संगीताची नोंद क्वचितच सरळ येते. बहुधा ती बंदीच्या रूपाने येते. इन्क्विझिशनने (पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने) १७३६ साली काढलेल्या फर्मानात लग्नातल्या ओव्या गाण्यास आणि विवाहप्रसंगी देशी वाद्ये वाजवण्यास मनाई केली. बंदी घालावी लागली म्हणजे ख्रिस्ती घरांतही ते गाणे तेव्हा चालूच होते, हा त्या कागदाचा खरा साक्षीपुरावा. मात्र बंदीनंतर काय झाले ते त्याच कागदावरून सांगता येत नाही. त्यासाठी नंतरच्या काळातील स्वतंत्र पुरावा लागतो. उलट बाजूचा दाखलाही ध्यानात ठेवावा: फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले, ते मराठीत आणि ओवीत होते, आणि इगर्जीत लोकांपुढे म्हटले जात असे. म्हणजे ओवीचा छंद एकीकडे वेदीजवळ पोहोचला आणि पुढे लग्नमंडपात तीच ओवी गुन्हा ठरली. ‘पोर्तुगिजांनी देशी संगीत मारले’ किंवा ‘मिसळून टाकले’ अशी एका वाक्यातली विधाने करण्याआधी हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवावेत.

अशा कागदांसाठी पणजीचे गोवा पुराभिलेखागार, पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची स्थापना १८३२ सालची, इथे जावे. पोर्तुगीज लेखकांनी देशी शब्द कानाला येतील तसे रोमन लिपीत लिहिले आहेत, तेव्हा एकाच वाद्याची चार-पाच रूपे धरून शोध घ्यावा. हस्तलिखित मोटेट मात्र ग्रंथालयात कमी आणि इगर्जीच्या कपाटात किंवा एखाद्या मेस्ताच्या घरी जास्त सापडतात. त्यांची छायाचित्रे काढताना पानाच्या कोपऱ्यातली पेन्सिलीची खूण, बदललेला स्वर, पुसलेले नाव हे सगळे टिपावे. लिहिलेल्या स्वरांपेक्षा पुष्कळदा तेच बोलते.

विसाव्या शतकासाठी ध्वनिमुद्रिका हे मोठे साधन. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असे, त्यामुळे तिच्यावरून घराण्याची पूर्ण मांडणी समजली असे मानू नये. ख्यालगायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच. ती निवडावी असे सुचवणारे रॉबर्ट ब्राउन हे संगीताचे अभ्यासकच होते. पण अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतली, एकेका रागाला तास देणारी ती गायकी त्या तबकडीत पाहणे म्हणजे मांडवीचा अंदाज कळशीभर पाण्यावरून घेणे. तबकडीवरून काय सांगता येते? आवाजाचा लगाव, तानेची जात, शब्दांचे उच्चार, साथीला कोणती वाद्ये. काय सांगता येत नाही? मूळ पट्टी, जोपर्यंत तबकडी नेमक्या वेगाने वाजवली आहे याची खात्री होत नाही तोपर्यंत. सगळ्याच जुन्या तबकड्या ७८ फेऱ्यांनाच मुद्रित झाल्या असे नाही, तेव्हा ‘त्या काळी पांढरी पाचात (हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीत) गात’ अशी विधाने करताना वेग तपासावा.

गुरुपरंपरा लिहिताना आणखी एक पथ्य. केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर यांच्या चरित्रांत उस्तादांची नावे ठळक असतात, आणि ती असायलाच हवीत. पण घरात पहिला सूर कोणाकडून मिळाला, आई, मावशी, आजी यांच्याकडून काय आले, हे क्वचित लिहिलेले असते. कलावंत समाजातील कुटुंबांशी बोलताना हा प्रश्न आदराने आणि एकांतात विचारावा, आणि उत्तर छापायचे की नाही हे त्यांच्यावर सोडावे.

तुलना

तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट पारखावी. मांडो फादोतून (पोर्तुगालच्या विरहगीतांतून) आला असे सर्रास म्हटले जाते, कारण दोन्हींत विरहाची हुरहुर आहे. हुरहुर जगभर आहे. लय पाहिली तर फादो बहुतांशी दोन किंवा चार मात्रांत चालतो, मांडो सहात. फादोत एकल आवाज आणि गिटारांची साथ, मांडोत जोडीने चालणारे आवाज, व्हायोलिन आणि घुमट. यावरून संबंध नाहीच असे सिद्ध होत नाही, पण संबंध सांगणाऱ्याला भावनेपलीकडचा पुरावा आणावा लागतो.

वाद्यांसाठी हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांचे १९१४ चे वर्गीकरण जगभर वापरतात. आपल्या नाट्यशास्त्रातली तत, अवनद्ध, घन, सुषिर ही विभागणी त्याच्या जवळ जाते. घुमट अवनद्धात बसतो, पण उघड्या तोंडातून हवेचा नाद घडवणे हा त्याचा गुण कोणत्याच रकान्यात मावत नाही. किनारपट्टीच्या कर्नाटकातला गुमटे आणि आंध्रात बुर्रकथेच्या साथीला वाजणारा गुम्मेटा ही त्याची भावंडे दिसतात. ती शेजारी ठेवून विचारावे: उघडे तोंड किती मोठे, पंजाचे काम तेच का, वाद्य मांडीवर की गळ्यात? काठाकाठाने हिंडत असे दहा-बारा घुमट मोजले तरी एक चांगला निबंध तयार होईल.

बदलाचा अभ्यासही इथेच करता येतो. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य घोषित केले. जुन्या ध्वनिमुद्रणातला नाद आणि आजचा नाद यांचे आलेख शेजारी ठेवून कातड्याने काय बदलले हे मोजता येईल. मात्र कोणाच्या माळ्यावर जुना घोरपडीचा घुमट असलाच, तर त्या घराचे नाव आणि छायाचित्र प्रसिद्ध करू नये.

परवानगी आणि परतफेड

देवळात देवस्थान समितीची, इगर्जीत पाद्रींची, मांडावर म्हालगड्यांची (वडीलधाऱ्यांची) परवानगी लागते, पण प्रत्यक्ष गाणाऱ्याची वेगळी घ्यावी. एकाची दुसऱ्याला चालत नाही. ध्वनिमुद्रण कशासाठी वापरणार, इंटरनेटवर टाकणार का, नाव देणार का, हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत आणि उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. भारतीय कायद्यानुसार कलावंताचा सादरीकरणावरील हक्क ५० वर्षे आणि प्रकाशित ध्वनिमुद्रिकेवरील हक्क ६० वर्षे टिकतो. पण कायद्याची मुदत संपली म्हणून जागराच्या (गोव्यातल्या रात्रभर चालणाऱ्या विधिनाट्याच्या) मांडावरचे एखादे गाणे वाटेल तिथे वाजवावे, असे होत नाही. काही गाणी ठरावीक रात्रीच म्हणायची असतात. ती इतर वेळी म्हणून दाखवा असा आग्रह धरू नये आणि मिळालेले ध्वनिमुद्रण त्या रात्रीच्या नोंदीसह बंद ठेवावे.

काम संपले की पेन ड्राइव्हवर स्वच्छ केलेली प्रत, प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून, त्या घरी स्वतः नेऊन द्यावी. म्हातारी माणसे पेन ड्राइव्ह लावत बसत नाहीत, म्हणून नातवंडांच्या मोबाइलवरही तीच गाणी घालून द्यावीत. एक प्रत ग्रंथालयात किंवा गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-संग्रहालयात, १९८२ पासून चालू असलेल्या, अटी लिहून जमा करता येते. त्या अटींत गावाला त्या प्रती केव्हाही मागता येतील, हे कलम आधी घालून घ्यावे आणि मगच सही करावी.